तज्ज्ञांना आधी एका टेबलाशी बसवा

6 मे 1953 रोजी गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाचे डाव्या मांडीचे हाड मोडले. फळ्यांच्या आधाराने पाय बांधून त्याला मोटारीने पुण्याला आणले गेले. 9 मेच्या पहाटे तो एका खासगी रुग्णालयात दाखल झाला आणि त्याच रात्री नऊच्या सुमारास मरण पावला. वडिलांचा आरोप असा, की भूल न देता, तीन माणसांच्या मदतीने जोर लावून हाड ओढले गेले आणि त्या धक्क्याने मुलगा गेला. डॉक्टरांचे म्हणणे असे, की रुग्णाची अवस्था पाहून हाड बसवणे पुढे ढकलले, पाय हलू नये एवढ्यापुरतेच प्लास्टर घातले, आणि मृत्यू चरबीचे कण रक्तात मिसळून रक्तवाहिनी अडल्याने झाला. पुण्याच्या न्यायालयाने वडिलांना तीन हजार रुपये भरपाई दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 2 मे 1968 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ हा तो निकाल. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणते उपचार करावेत हे ठरवताना आणि ते उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तीन टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घ्यायलाच हवी, हे तत्त्व भारतातल्या वकिलांना आजही याच निकालामुळे पाठ आहे.

या खटल्यात दोन वेगळ्या जातींचे वाद एकमेकांत गुंतले होते. जोर लावून हाड ओढले की नाही, हा घटनेचा वाद. त्याचे उत्तर खोलीत हजर असलेल्या माणसांच्या साक्षीतून, नोंदींतून आणि डॉक्टरांच्या वागण्यातूनच मिळणार. दुसरा वाद शास्त्राचा. शॉकमध्ये असू शकणाऱ्या रुग्णाचे हाड भूल न देता ओढणे त्या काळच्या शल्यशास्त्रात चालत होते का, आणि मृत्यू शॉकने झाला की चरबीच्या कणांनी, याचे उत्तर अस्थिशल्यचिकित्सकच देऊ शकतो. हे दोन वाद पहिल्या दिवशी वेगळे काढले आणि शास्त्राचा भाग दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून लिहून घेतला, तर न्यायाधीशापुढे उरते ते त्याच्या नेहमीच्या कामाचे, म्हणजे कोणत्या साक्षीदारावर विश्वास ठेवायचा एवढेच. माझे म्हणणे इतकेच आहे, की वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांत ही विभागणी न्यायालयांनी आणि ग्राहक आयोगांनी स्वतः आदेश देऊन करून घ्यावी. सुनावणीआधी तज्ज्ञांची बैठक घ्यावी, वकिलांना बाहेर ठेवावे आणि कशावर एकमत आहे, कशावर नाही आणि का नाही, हे सांगणारे एकच संयुक्त निवेदन सह्यांसह मागवावे.

आज आपल्याकडे काय चालते ते आधी पाहू. 13 नोव्हेंबर 1995 च्या ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली. सर्वांनाच पूर्णपणे मोफत उपचार देणारे सरकारी रुग्णालय मात्र बाहेर राहिले, त्यामुळे तिथल्या रुग्णाला दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. फौजदारी बाजूने 2005 च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने डॉक्टरांना संरक्षण दिले. पोलिसांनी कारवाईआधी त्याच शाखेतल्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या, स्वतंत्र डॉक्टरचे मत घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की केसपेपर सिव्हिल सर्जनकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातात, तिथली समिती कागद पाहते आणि अभिप्राय येतो. ‘उपचारात निष्काळजीपणा आढळून येत नाही’ एवढे एकच वाक्य वाचून घरच्यांना कळत नाही की समितीने कोणता प्रश्न स्वतःला विचारला होता. भरपाईच्या दाव्यात चित्र वेगळे. तिथे तक्रारदाराने एका डॉक्टरचे प्रतिज्ञापत्र आणायचे, रुग्णालयाने दुसऱ्याचे. दोघेही आपापल्या बाजूला विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देतात. ते प्रश्न एकसारखे नसतात, म्हणून उत्तरे एकमेकांना भेटतही नाहीत. उलटतपासणी झालीच, तर वकिलाचे सगळे कसब समोरच्या तज्ज्ञाची पदवी, अनुभव आणि एखादे चुकीचे पडलेले वाक्य यांवर खर्च होते. एकीकडे प्रश्नाविना उत्तर, दुसरीकडे भेट न झालेली दोन उत्तरे, आणि या दोहोंमध्ये न्यायाधीश.

या अडचणीचे मूळ खुद्द निष्काळजीपणाच्या व्याख्येत आहे. 1957 च्या ‘बोलम’ या इंग्रज खटल्यातली कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारली आहे. त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला मान्य असलेली पद्धत वापरली असेल, तर दुसऱ्या गटाला ती पटत नाही एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. ही कसोटी न्याय्यच आहे, कारण वैद्यकात अनेकदा दोन प्रामाणिक वाटा असतात. पण तिचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. तज्ज्ञांमध्ये मतभेद आहे, एवढे दाखवता आले तरी बचावाचे अर्धे काम होते. मग तो मतभेद खराखुरा आहे, की दोन वेगळ्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांमुळे तसा भासतो आहे, हे तपासल्याशिवाय कसोटी लावायचीच कशी? 1997 च्या ‘बोलिथो’ निकालाने इंग्लंडमध्ये आणखी एक अट घातली, की तज्ज्ञाचे मत तर्काच्या तपासणीत टिकले पाहिजे. ती तपासणी सर्वांत नेमकी कोण करू शकते? त्याच शाखेतला, तेच केसपेपर हातात असलेला, समोर बसलेला दुसरा तज्ज्ञ.

ही कल्पना हवेतली नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात 2005 च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांनुसार न्यायालय तज्ज्ञांना भेटण्याचा, वादाच्या मुद्द्यांवर एकमत होते का ते पाहण्याचा आणि संयुक्त अहवाल देण्याचा आदेश देऊ शकते. एकमत टाळ, असे कोणी सांगितले तरी तज्ज्ञाने ते मानायचे नाही, हे नियमातच लिहिले आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बैठकीत ठेवायचे प्रश्न आधी दोन्ही पक्षांनी ठरवायचे आणि ते शक्यतो ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल अशा शब्दांत मांडायचे. इंग्लंडमध्ये लॉर्ड वुल्फ यांच्या 1996 च्या अहवालानंतर 26 एप्रिल 1999 पासून जे दिवाणी नियम लागू झाले, त्यांच्या 35 व्या भागात अशीच तरतूद आहे. सर्व पक्षांची संमती किंवा न्यायालयाचा आदेश नसेल तर वकील बैठकीला बसत नाहीत. निवेदनावर सह्या सात दिवसांत व्हाव्या लागतात. बैठकीत कोण काय बोलले याचा उल्लेख पक्षांच्या संमतीविना खटल्यात करता येत नाही, त्यामुळे डॉक्टर मोकळेपणाने विचार करू शकतात. आणि तज्ज्ञांचे एकमत झाले तरी पक्षांनी उघडपणे मान्य केल्याशिवाय ते त्यांच्यावर बंधनकारक होत नाही. तज्ज्ञांना न्यायालयातच एकत्र बसवून न्यायाधीशाने प्रश्न विचारण्याची दुसरी एक रीत आहे. ती आपल्याकडेही आली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2018 च्या मूळ शाखा नियमांत तिची कार्यपद्धती जोडलेली आहे. ज्या गोष्टीचा उपयोग धंद्यातल्या वादांसाठी होऊ शकतो, ती माणसाच्या जिवाच्या दाव्यात का वापरू नये, याचे पटणारे उत्तर मला सापडलेले नाही.

हे सगळे मुंबई-पुण्यापेक्षा चिखल्यासारख्या गावाला अधिक लागू आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले हे गाव मॅंगनीजचे. इथली खाण भुयारी आहे, जवळची डोंगरी बुजुर्गची उघडी. 1896 पासून मध्य प्रांतात मॅंगनीज शोधणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा वारसा 1962 मध्ये आजच्या मॉइलकडे आला. एक कल्पित उदाहरण घेऊ. असे काही इथे घडले आहे असा दावा मी करत नाही. समजा, अशा भागातल्या एका कामगाराचे हात जड पडू लागले, चाल बदलली, तो मागे तोल जाऊन पडू लागला. एका खासगी डॉक्टरने पार्किन्सन म्हणून गोळ्या सुरू केल्या, दोन वर्षे त्या चालू राहिल्या, गुण आला नाही, आणि तोवर तो त्याच धुळीत काम करत राहिला. मॅंगनीजच्या धुळीने मेंदूला बाधा होते हे जॉन कूपर यांनी स्कॉटलंडमध्ये 1837 मध्येच नोंदवले आहे, आणि आपल्याकडे कायद्याने ‘मॅंगनीजची विषबाधा’ हा अधिसूचित व्यावसायिक आजार आहे. कुटुंबाचा आरोप एवढाच, की ‘तू काम काय करतोस?’ हा प्रश्न डॉक्टरने विचारायला हवा होता.

आता आजच्या रिवाजाप्रमाणे काय होईल? कुटुंबाच्या बाजूचा व्यावसायिक आरोग्याचा तज्ज्ञ लिहील की हा मॅंगनीजचा आजार आहे आणि तो ओळखायलाच हवा होता. डॉक्टरच्या बाजूचा मेंदूविकारतज्ज्ञ लिहील की लक्षणे पार्किन्सनशी जुळत होती आणि दिलेले औषध प्रमाणित आहे. दोघेही खरे बोलत असू शकतात. आयोगापुढे मात्र दोन मोठी नावे आणि दोन उलट निष्कर्ष येतील, आणि मतभेद आहे या कारणावर तक्रार फेटाळली जाईल. याच दोघांना एका खोलीत बसवले आणि पुढ्यात पाच प्रश्न ठेवले, तर? पहिला प्रश्न, नोंदलेली लक्षणे दोन्ही आजारांत दिसू शकतात का? दोघेही हो म्हणतील. दुसरा, पायाच्या चवड्यांवर, कोपरे वाकवून चालणे आणि मागे पडणे या गोष्टी मॅंगनीजच्या बाधेकडे अधिक बोट दाखवतात का? मेंदूविकारतज्ज्ञही बहुधा हो म्हणेल, पण लगेच विचारेल की पहिल्या भेटीच्या केसपेपरवर चालीची नोंद आहे कुठे? तिसरा, लेव्होडोपा या औषधाचा टिकाऊ गुण न येणे ही धोक्याची खूण मानली जाते का? इथेही एकमत शक्य आहे. खरा वाद चौथ्यावर होईल. सहा महिन्यांनी गुण नाही असे दिसल्यावर, जिल्ह्याच्या पातळीवरच्या सक्षम डॉक्टरने कामाची चौकशी करून रुग्णाला नागपूरला एमआरआयसाठी पाठवायला हवे होते का? एक म्हणेल, खाणपट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्याने तर नक्कीच. दुसरा म्हणेल, हा आजार इतका विरळ की तेवढी अपेक्षा जास्त होते. आणि पाचवा, तेव्हाच धुळीतून बाहेर काढले असते तर प्रकृती किती सावरली असती? यावर दोघेही लिहितील, की काम थांबवल्यानंतरही आजार वाढू शकतो, त्यामुळे नुकसान पूर्ण टळले असते असे म्हणता येणार नाही.

या पाच उत्तरांत खटल्याचे रूप किती बदलले ते पाहा. ‘हा आजार कोणता’ यावर दिवसेंदिवस चालणारी उलटतपासणी संपली. उरला एकच नेमका प्रश्न, खाणपट्ट्यातल्या डॉक्टरकडून कोणती चौकशी अपेक्षित धरावी, आणि हा असा प्रश्न आहे की ज्याचे उत्तर न्यायाधीश तज्ज्ञांची कारणे ऐकून स्वतः देऊ शकतो. आणखी एक गोष्ट घडली, जी कुटुंबाला एरवी कधीच कळली नसती. एमआरआयमध्ये मेंदूच्या ज्या भागात मॅंगनीजची खूण दिसते, ती धुळीचा संपर्क तुटल्यावर काही महिन्यांत ते वर्षभरात फिकी होत जाते. म्हणजे उशिरा केलेल्या तपासणीत काही दिसले नाही, यावरून आजार नव्हताच असे ठरत नाही. रुग्णालयाच्या वकिलाने तो कोरा एमआरआय पुरावा म्हणून आणला, तर त्याचे खरे वजन किती हे संयुक्त निवेदनात आधीच लिहिलेले असेल. गरीब पक्षकाराला असे मुद्दे शोधून काढणारा महागडा वकील परवडत नाही. ज्ञानातले हे अंतर बैठकीने बऱ्याच अंशी भरून निघते.

आक्षेप अनेक आहेत आणि ते हलके नाहीत. सर्वांत जोरकस आक्षेप रुग्णांच्या बाजूचा आहे. डॉक्टर डॉक्टरांना सांभाळून घेतात. बंद खोलीत दोन डॉक्टर बसले की रुग्णाच्या बाजूचाही मऊ होईल. ही भीती अनुभवातून आलेली आहे आणि तिला ‘गैरसमज’ म्हणून झटकणे चूक ठरेल. पण आजची व्यवस्था या बाबतीत अधिक बंद आहे, हेही पाहायला हवे. समितीच्या अभिप्रायात कारणे असतीलच असे नाही, तिथे रुग्णाच्या बाजूचा कोणी बसलेला नसतो आणि विचारलेले प्रश्न बाहेर येत नाहीत. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बाळे गेली, तेव्हा शासनाने चौकशी समिती नेमली. इतक्या मोठ्या दुःखानंतरही अशा समितीपुढे आईबापांच्या वतीने कोणी तज्ज्ञ प्रश्न विचारत नसतो; तशी आपली रीतच नाही. संयुक्त निवेदनात मात्र प्रत्येक उत्तरामागे कारण लिहावे लागते, खाली सही करावी लागते आणि त्यावर न्यायालयात उलटतपासणी होऊ शकते. कारण लिहायचे असेल तेव्हा सांभाळून घेणे अवघड जाते. शिवाय 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरवर जबाबदारी टाकली आहे, की सहव्यावसायिकाचे अकार्यक्षम किंवा अनैतिक वर्तन त्याने भीडभाड न ठेवता उघड करावे. न्यायालयाच्या आदेशाने बोलावलेल्या बैठकीत हे कर्तव्य पार पाडणे, शहरातल्या सहकाऱ्याविरुद्ध आपण होऊन प्रतिज्ञापत्र करण्यापेक्षा सोपे आहे.

दुसरा आक्षेप दडपणाचा. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातला निवृत्त विभागप्रमुख आणि दहा वर्षांचा अनुभव असलेला तरुण तज्ज्ञ समोरासमोर बसले, तर सर म्हणतील तेच निवेदनात येईल. आपल्या गुरु-शिष्यांच्या वैद्यकीय जगात हे जास्तच खरे आहे. इंग्लंडमधला एक खटला या धोक्याचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो, आणि तो पुढे करणाऱ्यांचे बरोबर आहे. अपघातात जखमी झालेल्या एका माणसाच्या बाजूच्या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या बाजूच्या तज्ज्ञाशी फोनवर चर्चा केली, त्याने पाठवलेल्या मसुद्यावर दुरुस्ती न करता सही केली आणि आपल्याच अशिलाचा दावा खिळखिळा केला. नंतर आपल्यावर दबाव आल्यासारखे वाटल्याचे त्या तज्ज्ञाने सांगितले. ‘जोन्स विरुद्ध केनी’ या 2011 च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ साक्षीदारांचे अशिलाच्या दाव्यापासूनचे शतकानुशतकांचे संरक्षण काढून घेतले. बैठकच वाईट, असा धडा त्या न्यायालयाने घेतला नाही. निष्काळजीपणे सही करणाऱ्या तज्ज्ञाला जबाबदार धरावे, असा घेतला. आपण आणखी दोन साध्या गोष्टी करू शकतो. मसुदा एकाने लिहून दुसऱ्याला न पाठवता, बैठकीतच प्रश्नागणिक दोघांनी लिहावा. आणि बैठक चालवायला त्या शाखेबाहेरचा, दोघांशी काही संबंध नसलेला, पण वैद्यकीय कागद वाचता येणारा माणूस नेमावा. न्यायवैद्यक विभागातला शिक्षक हे काम उत्तम करू शकेल.

वकिलांचा आक्षेप वेगळा आहे. न्याय उघड्या न्यायालयात व्हावा, बंद खोलीत डॉक्टरांनी निकाल लावू नये, आणि हा मागच्या दाराने तडजोडीचा प्रयत्न तर नाही ना, असे ते विचारतात. तडजोडीची शंका रास्त आहे, कारण मृत्यू किंवा गंभीर इजा झालेल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या तक्रारी मध्यस्थीसाठी पाठवू नयेत, असे ग्राहक संरक्षणाच्या 2020 च्या मध्यस्थी नियमांत स्पष्ट म्हटले आहे. ती मनाई योग्यच आहे. मुलगा गमावलेल्या आईला कोणी ‘मिटवून टाका’ म्हणू नये. पण तज्ज्ञांच्या बैठकीत पैशाचा, दोषाचा, माफीचा विषय निघतच नाही. ‘डॉक्टर निष्काळजी होता का?’ हा प्रश्नच त्यांच्यापुढे ठेवू नये. तो न्यायालयाचा आहे. त्यांच्यापुढे ठेवायचे ते एवढेच, की अमुक वाजता अमुक लक्षण दिसल्यावर या शाखेत काय करतात, ते न केल्याने काय बदलले आणि कागदांवरून काय सांगता येत नाही. एकमत बंधनकारक नसते, हेही आहेच.

वेळेचा आणि खर्चाचा मुद्दा उरतो. ग्राहक कायद्यानुसार चाचणी लागत नसेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, लागत असेल तर पाच महिन्यांत तक्रार निकाली निघायला हवी. वास्तव काय आहे हे तारखांवर तारखा घेणाऱ्यांना ठाऊक आहे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 च्या जुलैमध्ये शस्त्रक्रियेवेळी एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि त्याच महिन्यात ती वारली. ‘अच्युतराव खोडवा’ या नावाने तो दावा सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला 1996 मध्ये. बैठकीला एक दिवस लागेल, तयारीला काही आठवडे. दोन तज्ज्ञांच्या तीन-तीन उलटतपासण्यांपेक्षा हे स्वस्तच पडते, कारण तज्ज्ञ न्यायालयाच्या ओट्यावर आपला नंबर लागण्याची वाट पाहत बसत नाही. अर्थात त्याच टॉवेलच्या खटल्यावरून हेही मान्य करायला हवे, की प्रत्येक तक्रारीत बैठक नको. पोटात टॉवेल राहिला यात निष्काळजीपणा आहे की नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. 2010 च्या ‘किशन राव’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञांचे मत सक्तीचे नाही असे ठरवले, आणि 2009 च्या ‘मार्टिन डिसूझा’ निकालातली उलट सूचना बाजूला ठेवली. जिथे दोन्ही बाजूंची तज्ज्ञमते दाखल झाली आहेत आणि ती एकमेकांविरुद्ध जातात, तिथेच बैठक. ज्या तक्रारदाराला तज्ज्ञ मिळतच नाही, त्याच्यासाठी आयोगाने वैद्यकीय महाविद्यालयाकडून एक नाव मागवावे आणि मानधन आधी आयोगाच्या निधीतून देऊन निकालाच्या खर्चात धरावे. हे झाले नाही, तर बैठक ही पैसेवाल्यांचीच सोय होऊन बसेल, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

यासाठी नवा कायदा लागेल का? माझ्या मते नाही. 2002 च्या ‘जे. जे. मर्चंट’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मंचांना सांगितले, की तज्ज्ञांचा पुरावा प्रतिज्ञापत्रावर घेता येतो आणि त्यांना लेखी प्रश्नावली, व्हिडिओ किंवा टेलिफोन कॉन्फरन्स, नाहीतर कमिशन यांतून प्रश्न विचारता येतात. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या एका कर्करोगतज्ज्ञावरच्या फौजदारी खटल्यात न्यूयॉर्कच्या तज्ज्ञाची साक्ष व्हिडिओवर घेण्यास त्याच न्यायालयाने मान्यता दिली. त्या डॉक्टरची पुढे 2013 मध्ये सुटकाही झाली, पण साक्षीचा तो मार्ग सगळ्यांसाठी खुला राहिला. आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे आणि कमिशन नेमण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरण्याची तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 39 व्या कलमात आहे, पूर्वी ती 45 व्या कलमात होती. न्यायाधीशाने सत्य शोधण्यासाठी स्वतः प्रश्न विचारण्याचा अधिकार 168 व्या कलमात आहे. नागपूरचा मेंदूविकारतज्ज्ञ आणि मुंबईचा व्यावसायिक आरोग्यतज्ज्ञ यांनी भंडाऱ्याला न येता पडद्यावर समोरासमोर बसणे आज कुठल्याही जिल्हा न्यायालयाला जमण्यासारखे आहे. कमी आहे ती आदेशाची एक ठरावीक भाषा, प्रश्नावलीचा नमुना आणि तो पहिल्यांदा वापरण्याची तयारी.

बैठकीचे सारे बळ केसपेपरांवर अवलंबून आहे, आणि तिथे आपली बाजू लंगडी पडते. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी देणे आणि त्या तीन वर्षे जपणे हे 2002 च्या आचारसंहितेने डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे. त्याआधी 1996 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही रुग्णाचा या कागदांवरचा हक्क मान्य केला होता. तरीही अनेक कुटुंबे वकिलाकडे पोचतात तेव्हा हातात फक्त डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या पावत्या असतात. मग तज्ज्ञ लिहितात की चालीची, रक्तदाबाची, भूल दिल्याच्या वेळेची नोंद उपलब्ध नाही, आणि न्याय तिथेच अडतो. म्हणून बैठकीच्या आदेशातच रुग्णालयाने मूळ केसपेपर, नर्सिंग नोंदी आणि औषधांचा तक्ता ठरावीक दिवसांत दोन्ही तज्ज्ञांना द्यावा असे लिहावे, आणि नोंद का नाही याचा खुलासा रुग्णालयाकडून लेखी घ्यावा. तज्ज्ञांचे निवेदन इंग्रजीत आले, तर त्याचा मराठी सारांश त्यांनीच तपासून जोडावा. तुमसरच्या किंवा चिखल्याच्या माणसाला आपल्या घरातल्या मृत्यूबद्दल दोन डॉक्टर कशावर सहमत झाले हे वकिलाने समजावून सांगेपर्यंत थांबायला लागू नये. आणि ते निवेदन निकालाबरोबर नव्हे, सुनावणी सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी त्याच्या हाती पडावे, म्हणजे ज्या प्रश्नावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही त्याबद्दल त्याला स्वतःच्या साक्षीत काय सांगायचे आहे, हे ठरवायला त्याच्याकडे वेळ उरेल.